चांगलं बोलायचं ते तीट लावून

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प करावा लागतो. मी विषय घेतला होता 'आरोग्य कर्मचाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य आणि सकारात्मक मानसशास्त्र'. हे नाव घरी सांगायला मला अवघड वाटायचं, कारण आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मी नुसतं 'नर्सबायांवर प्रकल्प आहे' एवढंच म्हणायचे. वडिलांनी विचारलं, "त्यास्नी काय झालंय?" मी म्हटलं, "काही झालेलं नाही. काही होऊ नये म्हणून." "मग बरंय," ते म्हणाले आणि मोटर चालू करायला गेले.

माझ्या विषयाची व्याख्या मला नंतर अनेकांना सांगावी लागली, पण ती यापेक्षा नीट सांगता आली असं वाटत नाही. माणूस खचल्यावर काय करायचं हे बघणारं मानसशास्त्र असतंच. आम्ही शिकत होतो ते, तो कशामुळे उभा राहतो, हे बघणारं होतं.

मला मिळालेलं आरोग्य केंद्र इंदापूर तालुक्यात होतं, कळंबच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून थोडं आत. आमचं गाव कन्हेरी. तिथून बारामतीला यायचं, बारामतीहून एस.टी. पकडायची आणि फाट्यावर उतरून चालत जायचं. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे मधे डाळिंबाच्या बागा. मी आठवड्यातून दोनदा जात असे, सकाळची ओपीडी संपायच्या वेळेला, कारण तेव्हा सगळे चहाला एकत्र बसायचे.

सगळे म्हणजे चौघं. मोठ्या सिस्टर, ज्यांच्या हातून त्या भागातली निम्मी पोरं जन्मली असं लोक म्हणत. त्या मूळच्या सुप्याकडच्या. धाकट्या सिस्टर, नोकरीला नवीन, लग्न ठरलेलं. लेबर रूमची साफसफाई आणि बाकी पडेल ते काम करणाऱ्या मावशी. आणि केंद्राची रुग्णवाहिका चालवणारे तात्या. डॉक्टरही होते, पण त्यांच्याकडे दुसऱ्या केंद्राचाही भार होता, त्यामुळे चहाच्या वेळेला ते बहुतेक गाडीवर असत.

माझ्या प्रकल्पातला मुख्य भाग अगदी साधा होता. रोज दिवसभरात घडलेल्या चांगल्या गोष्टी आठवायच्या, त्या का घडल्या ते सांगायचं. पुस्तकात याला व्यायाम म्हणतात. माणूस थकला की त्याला चुकलेलंच आठवत राहतं आणि नीट झालेलं निसटून जातं, म्हणून ते मुद्दाम धरून ठेवायचं. खरं तर हे ज्याचं त्यानं लिहून ठेवायचं असतं. पण आधीच त्यांना इतकी रजिस्टरं भरावी लागत होती की आणखी काही लिहा म्हणायची मला लाज वाटली. मी म्हटलं, चहा घेताना एकेकानं एक चांगली गोष्ट बोलून दाखवायची.

पहिले काही आठवडे काहीच जमलं नाही.

"तात्या, आज काय चांगलं झालं?"

"डिझेल हाय गाडीत."

"अजून?"

"अजून काय? चाललंय आपलं."

मावशी म्हणायच्या, "आपलं कशाचं आलंय चांगलं." धाकट्या सिस्टर हसून माझ्याकडे बघायच्या, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मोठ्या सिस्टर प्रत्येक वेळी एकच सांगायच्या, "बरं हाय." त्यांच्या तोंडून 'बरं' याच्या पुढे शब्द गेला नाही.

मला वाटलं, कामाच्या ओझ्यानं ही माणसं इतकी कोरडी झाली आहेत. मी तसं टिपणातही लिहिलं. प्रकल्पाच्या आमच्या मार्गदर्शक मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नेमकं विचार. 'काय चांगलं झालं' हा प्रश्न फार मोकळा आहे. 'तुमच्या हातून काय नीट झालं' असं विचार."

म्हणून एका मंगळवारी मी मोठ्या सिस्टरांना तसं विचारलं. त्या परत 'बरं हाय' म्हणाल्या. मी सोडलं नाही. मी म्हटलं, "सिस्टर, इतकी बाळंतपणं तुम्ही करता. तुमच्या हाताबद्दल काहीतरी सांगा ना. एकच."

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "यंदा आमच्या हितनं एकबी बाई पुढं बारामतीला पाठवायला लागली न्हाय. सगळ्या हितंच मोकळ्या झाल्या. सगळ्या सुखरूप."

मला फार आनंद झाला. मावशी मात्र लगेच म्हणाल्या, "बाई, आसं बोलू नगा."

"या पोरीनं विचारलं म्हणून बोलले."

"तिला काय कळतंय."

सिस्टर हसल्या आणि त्यांनी चहा संपवला. मी परत येताना बसमध्ये ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात एक बाई बाळंत झाली, बाळ चांगलं होतं, वारही पडली, आणि मग रक्त थांबेना. मोठ्या सिस्टरांनी करायचं ते सगळं केलं, इंजेक्शन, सलाइन. डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, वाट बघू नका, निघा. तात्यांनी गाडी काढली. बारामतीपर्यंतच्या सबंध रस्त्यात सिस्टर त्या बाईच्या पोटावर हात दाबून बसल्या होत्या. तिथं तिला रक्त चढवलं. बाई वाचली. चार-सहा दिवसांनी बाळाला घेऊन घरी गेली.

मधे परीक्षेमुळे माझ्या दोन-तीन खेपा चुकल्या होत्या, त्यामुळे हे सगळं मला त्यानंतरच्या खेपेला धाकट्या सिस्टरांनी व्हरांड्यात सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे सिस्टरांनी तिला वाचवलं."

"तुमच्यासमोर बोलल्या ना त्या," धाकट्या सिस्टर म्हणाल्या, "तेच धरून बसल्यात. मी बोलले आणि दृष्ट लागली म्हणतात. तेव्हापासनं लेबर रूममधे पाऊल टाकलं न्हाय. कळा सुरू झालेली बाई आली की बाहेरनंच सांगतात, बारामतीला न्या."

 चहाला मोठ्या सिस्टर आल्या नाहीत. लसींच्या फ्रिजजवळ बसून त्या बाटल्या मोजत होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "तुझं चालू दे. मला काय इचारू नको फक्त."

पुढचं मला तात्यांकडून समजलं. सिस्टरांनी डॉक्टरांना सांगितलं होतं की आता बाळंतपणं माझ्याच्यानं होणार नाहीत, मला लसीकरणाला टाका, नाहीतर तालुक्याच्या कचेरीत बसवा. डॉक्टर म्हणाले होते, महिनाअखेरपर्यंत थांबा, तेव्हाही हेच म्हणणं असेल तर मी वर लिहितो. एकदा त्या तालुक्याला गेल्या असत्या की परत येणं अवघड. केंद्रावर एकट्या धाकट्या सिस्टर राहणार. त्यांना अजून एकटीनं धीर होत नव्हता, म्हणजे येणाऱ्या बायकांना कळा सोसत बारामतीचा रस्ता धरावा लागणार. आणि मोठ्या सिस्टरांचं काय होणार, हे तर मला सांगायचीही गरज नव्हती. ज्या कामानं त्या ओळखल्या जायच्या तेच त्या सोडून देत होत्या.

इथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या आजोबांपर्यंत, म्हणजे आबांपर्यंत, घरात मेंढरं होती. आता शेती आहे, वडील भाजी करतात, काका कारखान्यात आहेत. पण आबांचं बोलणं मला आठवतं. कुणी आलं आणि म्हणालं, "आबा, यंदा कळप झ्याक दिसतोय," की आबा म्हणायचे, "कशाचं झ्याक, निम्मी लंगडतायत." एकही लंगडत नसायचं. बाहेरच्या माणसानं मेंढरं मोजायला बोट उचललं तरी त्यांना चालायचं नाही. आजही वडील टोमॅटोचा प्लॉट चांगला आला तरी बांधावरच्या माणसाला "करपा पडलाय" म्हणूनच सांगतात. मी त्याच घरात वाढले. तरी कॉलेजात बसून मी असा व्यायाम निवडला, ज्यात माणसांनी आपलं चांगलं उघड्यावर बोलून दाखवायचं होतं, आणि ती बोलेनात तेव्हा त्यांना कोरडं ठरवलं. असं का झालं याचा मी पुष्कळ विचार केला. बहुतेक मला वाटत होतं की घरातलं ते घरातलं, आणि अभ्यास म्हणजे वेगळंच काहीतरी.

मॅडमना मी सगळं सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, ही अंधश्रद्धा आहे, समजावून सांग. त्या म्हणाल्या, "वाद घालू नकोस. त्या बाईला आता वादाची गरज नाही. व्यायाम थांबव, पण जाणं एकदम थांबवू नकोस. तू निघून गेलीस तर त्यांना वाटेल, आपल्यामुळे गेली."

मग मी नुसतीच जायला लागले. कधी केसपेपर लावायला मदत करायची, कधी लसीकरणाला आलेल्या आयांची पोरं धरायची. मोठ्या सिस्टर चहाला यायला लागल्या, पण दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या.

एक दिवस तात्या गाडी धुऊन आले आणि कप हातात घेऊन कुरकुरायला लागले.

"त्या दिवसाचा डाग अजून निघंना शीटवरनं. बाईंनी माझ्या गाडीचं पार वाटोळं केलं."

 सिस्टर खाली बघत होत्या.

"आन् वरनं माझ्यावर वरडत व्हत्या," तात्या म्हणाले. "खड्डा चुकवा, तात्या. आरं, खड्डा चुकवायला रस्ता तर पायजे. मी म्हणलं, बाई, तुमी जरा हात बदला, अवघडला आसंल. तर म्हणत्यात, तुमी फुडं बघा. बारामती येस्तवर हात काढला न्हाय बाईनं. उतरताना हात वाकंना, मलाच दार उघडावं लागलं. डायव्हर हाय का नोकर हाय मी?"

"नोकरच हायसा," मावशी म्हणाल्या. "आन् बाई, तुमच्या त्या दिवसाच्या साडीला मी दोनदा साबण लावला. साबणाची वडी संपली माझी. बाई जगली ती जगली, माझी वडी गेली."

मोठ्या सिस्टर हसल्या. मोठ्यानं नाही, पण हसल्या. "आणून देते वडी," त्या म्हणाल्या.

"मोठी आणा. बारकी चालणार न्हाय."

मी ऐकत बसले होते. इतके दिवस मी ज्यांच्या तोंडून एक चांगलं वाक्य काढायला धडपडत होते, ती माणसं माझ्यासमोर तेच बोलत होती. फक्त प्रत्येक चांगल्या गोष्टीला ती एक खोट लावत होती. जसं गोऱ्यागोमट्या बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका लावतात तसं.

मी जरा भीत भीतच म्हटलं, "आपण त्या वेळी करत होतो ना, चांगलं सांगायचं. ते असंच सांगितलं तर? म्हणजे स्वतःचं नाही, दुसऱ्याचं. आणि त्याला एक नाव ठेवून."

"तीट लावून सांगायचं म्हण की," मावशी म्हणाल्या.

"हो. तसंच."

"मग इतके दिवस का नव्हतं सांगितलं? नाव ठिवायला काय लागतं आमाला."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मी न्हाय बोलणार." मी म्हटलं, तुम्ही फक्त ऐका.

त्यानंतर चहाची वेळ कमी पडायला लागली. मावशी धाकट्या सिस्टरांबद्दल म्हणाल्या, "सुई आशी टोचत्यात की पोरगं रडायचं इसरतंय. पण स्वतःचा डबा कवाच धुत न्हायत, सासू काय म्हणंल." तात्यांबद्दल धाकट्या सिस्टर म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला उचलून गाडीत बसवतात, पण गाणी इतकी वाईट लावतात की पेशंट बरा होऊन उतरून जाईल." तात्यांनी मलाही सोडलं नाही. "ही पोरगी येती बिनचूक. पण फाट्यापासनं चालत येती आन् घामानं डबडबून आमास्नी आनंदी राहायला शिकवती."

मला हे सकारात्मक मानसशास्त्रात बसतं की नाही हे कळत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "तक्त्यात बसणार नाही. सुरुवातीच्या नोंदींशी तुलना करता येणार नाही." मग म्हणाल्या, "तरी लिही. जसं झालं तसं लिही."

मोठ्या सिस्टर ऐकत होत्या, पण कळा सुरू झालेली बाई आली की अजूनही बाहेरूनच बोलायच्या. महिना संपत आला होता. तालुक्याला लिहायच्या अर्जाचा मसुदा डॉक्टरांनी टेबलावर काढून ठेवल्याचं तात्यांनी पाहिलं होतं.

त्याच दिवसांत धाकट्या सिस्टरांची पाळी आली. मोठ्या सिस्टरांबद्दल बोलायची. त्यांनी चहावरची साय बाजूला काढली. मग म्हणाल्या, "मोठ्या बाई शेजारी असल्या की माझे हात कापतात, कारण त्या ओरडतात." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. "आणि आता त्या आत येत नाहीत, तर नुसते कापतात. ओरडायला कुणी नाही."

 मोठ्या सिस्टर उठल्या, कप विसळला आणि फ्रिजकडे गेल्या. मला वाटलं, आता हेही बिघडलं.

पुढच्या वेळी मी गेले तेव्हा व्हरांड्यात एक बाई भिंतीला धरून उभी होती. बरोबर तिची सासू होती. धाकट्या सिस्टरांनी तिला तपासलं होतं. वेळ होता, सगळं सरळ दिसत होतं, पाठवायची गरज नव्हती. पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्या फ्रिजपाशी गेल्या. मी बाकावर होते, मला ऐकू येत होतं.

"बाई, आत येता का? करते मीच. तुमी नुसतं उभं राहा."

"मी न्हाय काय करणार."

"काय करू नका. ओरडा फक्त."

मोठ्या सिस्टरांनी फ्रिजचं दार लावलं. तापमानाची नोंद केली. पदर खोचला. "नुसती उभी राहीन," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

आम्ही बाहेर होतो. सासू पोत्यावर बसून तंबाखू मळत होती. पहिल्यांदा आतून फक्त धाकट्या सिस्टरांचा आवाज येत होता, हळू. मग मोठ्या सिस्टरांचा आला. "तशी न्हाय, अशी धर. आगं, तिच्याकडं बघ, माझ्याकडं काय बघतीस. हां. आता जोर लाव बाई, घरी सासूवर लावतीस तसा लाव." सासूनं तंबाखू तोंडात टाकली आणि मला म्हणाली, "लावती बरं का." जेवणाच्या वेळेच्या सुमारास बाळ रडलं. मुलगी झाली.

मोठ्या सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मोजे होते, म्हणजे त्या नुसत्या उभ्या राहिल्या नव्हत्या. हात धुऊन त्या चहाला आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर न बसता आमच्यात बसल्या. मला खूप काही बोलावंसं वाटत होतं. पण मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. मावशी म्हणाल्या, "चहा आज पांचट झालाय." तात्या म्हणाले, "रोजच आसतो." त्या दिवशी कुणी चांगलं काहीच बोललं नाही. नुसती नावं ठेवली, चहाला, उन्हाला, एस.टी.ला. मोठ्या सिस्टरांनी दोन कप घेतले.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी त्यांना विचारलं. धाकट्या सिस्टरांनी मला ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "वर लिहू का मग?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "या पोरीचं लगीन हाय पुढच्या महिन्यात. ती सुट्टीवर गेल्यावर हितं कोण बघणार? तेवढं होऊ द्या." डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलं. लग्न झालं, धाकट्या सिस्टर परत आल्या, आणि तो विषय डॉक्टरांनीही काढला नाही आणि मोठ्या सिस्टरांनीही नाही.

मोठ्या सिस्टरांची भीती गेली असं मी म्हणणार नाही. मी एकदा विचारलं होतं, दोघीच असताना. त्या म्हणाल्या, "भ्या वाटतंच की. आत जाताना वाटतं. आत गेल्यावर काम असतंय." एवढंच. हे मी प्रकल्पात घातलं. निष्कर्षात काय लिहायचं यावर मात्र मला फार अडायला झालं. शेवटी लिहिलं, की या भागातल्या माणसांना एकमेकांचं चांगलं दिसतं आणि ती ते सांगतातही, पण ते सरळ सांगितलं तर धोका वाटतो, म्हणून बाहेरून आणलेला व्यायाम आधी तिथल्या बोलण्याच्या रीतीनं तपासून घ्यावा. मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली आणि खाली भाषेच्या चुका दाखवल्या.

प्रकल्प जमा केल्यावर मी निरोप घ्यायला म्हणून एकदा गेले. आईनं शेतातली वांगी आणि दोडके पिशवीत भरून दिले होते. व्हरांड्यात एक तरुण माणूस येरझाऱ्या घालत होता. तात्या त्याला सांगत होते, "बस की खाली. तुला चालून ती लौकर हुनार हाय का?" लेबर रूमचं दार लावलेलं होतं. मावशी गरम पाणी घ्यायला बाहेर आल्या.

"मोठ्या सिस्टर?" मी विचारलं.

"आत हायत."

"मी थांबते."

"कशाला थांबतीस. पहिलटकरीण हाय, येळ लागंल. मधे बोलावलं तर माझ्यावर खेकसतील."

मी पिशवी मावशींकडे दिली. वांगी कुणी किती घ्यायची यावर त्यांचं आणि तात्यांचं लगेच सुरू झालं. आतून सिस्टरांचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मी थोडा वेळ उभी राहिले. मग दुपारची बस होती, म्हणून फाट्याकडे चालायला लागले.